दत्तावसर कवि आणि जात्यावरची ओवी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत स्त्रियांच्या मौखिक रचनेस स्वतंत्र प्रकरण देण्याची प्रथा आतां रूढ झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि त्या प्रकरणांतील विवेचन वाचूं लागलें म्हणजे दोनच सूर पुनःपुन्हां कानीं पडतात. पहिला सूर कींव करणारा. दळण, कांडण, मुलांचें करणें आणि दुखणाइतांची उस्तवार यांत बायकांचा जन्म गेला. त्यांना सवड मिळती तर त्यांनीं केवढें तरी काव्य केलें असतें, असें हे लेखक म्हणतात. दुसरा सूर गौरवाचा. दळतां दळतां गाणें आपोआप स्फुरलें, कष्टांच्या पोटींच काव्य जन्मास आलें, असें म्हणून हे लेखक कष्टांनाच नमस्कार करतात. पहिल्या पक्षाला न झालेल्या कृतीचें दुःख आहे. दुसऱ्या पक्षाला झालेल्या कृतीच्या कर्त्रीची ओळख नाहीं. मूळ प्रश्न दोघांच्याहि हातून निसटतो. दुसऱ्यांचें पालन आणि शुश्रूषा करण्यांत जिचे दिवस गेले, तिला रचनेसाठीं मिळालेला वेळ कोणत्या जातीचा होता, आणि त्या वेळेनें तिच्या रचनेला कोणता आकार दिला, हा तो प्रश्न होय. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रानें कवीच्या वेळेचा विचार केलाच नव्हता असें नाहीं. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारीं असलेल्या राजशेखराचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. राजशेखर यायावर कुळांतला. त्याचा पूर्वज अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणि’ असें म्हटलेलें आहे; तेव्हां हा ग्रंथकार आपल्याला अगदींच परका नव्हे. ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांत त्यानें कवीची चर्या सांगितली आहे. कवीचें घर झाडून सारवून स्वच्छ ठेवलेलें असावें; सहाहि ऋतूंना योग्य अशा बैठका, उपवन, जलाशय, लतामंडप, झोपाळे, मोर आणि हंस तेथें असावेत; सेवक अपभ्रंश बोलणारे आणि दासी मागधी जाणणाऱ्या असाव्यात; सर्व भाषांत कुशल आणि सुंदर अक्षराचा लेखक हाताशीं असावा. दिवसाच्या चार प्रहरांचीहि त्यानें वांटणी करून दिली आहे. पहिला प्रहर विद्याभ्यासाचा, दुसरा रचनेचा, मध्यान्हीं स्नान आणि भोजन, तिसरा काव्यगोष्ठीचा, चौथा सकाळच्या रचनेच्या परीक्षणाचा. दिवसा पारखून घेतलेलें रात्रीच्या पहिल्या प्रहरांत लिहून काढावें आणि मधले दोन प्रहर निद्रा करावी.

ही व्यवस्था वाचतांना एक गोष्ट लक्षांत येते. इतक्या तपशिलानें वर्णिलेल्या या घरांत स्वयंपाक कोण करतें, मूल रडलें तर कोण उठतें, म्हातारा बाप अंथरुणाला खिळला तर त्याच्याजवळ कोण बसतें, याचा उल्लेख नाहीं. दारिद्र्य, व्यसनासक्ति, अवज्ञा, दुर्दैव आणि दुष्टांवर ठेवलेला विश्वास हीं काव्यावरचीं पांच महासंकटें राजशेखरानें सांगितलीं आहेत. घरांतल्या माणसांचें करणें हें संकट म्हणून त्याला सुचलें नाहीं, कारण तें दुसरें कोणी तरी करीत होतें. तथापि हा ग्रंथकार संकुचित दृष्टीचा नव्हता. पुरुषांप्रमाणें स्त्रियाहि कवि होऊं शकतात, कारण संस्कार आत्म्याचा असतो आणि त्याला स्त्री-पुरुष हा भेद नसतो, असें तो स्पष्ट म्हणतो. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत तो शास्त्रचर्चेंत तीन वेळां प्रमाण म्हणून उल्लेखितो. त्याचें प्राकृत सट्टक ‘कर्पूरमंजरी’ रंगभूमीवर आलें तेंहि तिच्याच इच्छेवरून. मात्र अवंतिसुंदरीचा स्वतःचा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. पतीच्या ग्रंथांत आलेलीं तिचीं मतें तेवढीं टिकलीं. पुढच्या विवेचनांत हा प्रकार आपल्याला पुन्हां भेटणार आहे, म्हणून येथें तो नोंदवून ठेवतों.

आतां याच अध्यायांतील दुसरा भाग पाहूं. काळाच्या दृष्टीनें राजशेखरानें कवींचे चार प्रकार केले आहेत. असूर्यंपश्य म्हणजे गुहेंत किंवा आंतल्या दालनांत राहून, सूर्यहि न पाहतां, एकनिष्ठेनें रचना करणारा. निषण्ण म्हणजे काव्यक्रियेंत रमलेला, परंतु तितकी कडक निष्ठा नसलेला. दत्तावसर म्हणजे सेवादि कामांना बाध न आणतां मिळालेल्या अवसरांत रचना करणारा. प्रायोजनिक म्हणजे कांहीं विशिष्ट प्रसंग उद्देशून लिहिणारा. पहिल्या दोघांना सर्व काळ मोकळा असतो. दत्तावसराला मात्र ठराविक वेळाच मिळतात. त्या वेळांत राजशेखर रात्रीच्या चौथ्या प्रहराच्या अर्ध्या भागाची गणना करतो आणि त्याला सारस्वत मुहूर्त असें नांव देतो.

महाराष्ट्रांत हाच मुहूर्त जात्याचा होता. घर झोपलेलें असतांना, मुलें जागीं होण्यापूर्वीं आणि गुरांची धार काढण्यापूर्वीं, दिवसाचें पीठ दळून ठेवावें लागे. ही रीति किती जुनी, याला बळकट पुरावा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या, इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या, ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची; म्हणजे ज्ञानदेवांनीं ओवी हातीं घेतली त्याच्या पूर्वीं निदान दीडशें वर्षें ती स्त्रियांच्या मुसळाच्या तालावर चालली होती. आपल्या भाषेंतील पहिल्या महान् ग्रंथाचा छंद स्त्रियांच्या घरकामाशीं इतका जुना संबंध ठेवून आहे, ही गोष्ट आम्ही शाळेंत एका वाक्यांत सांगून पुढें जात आलों. तिचा अर्थ एका वाक्यांत संपण्यासारखा नाहीं.

दत्तावसर हा शब्द जरा सोडवून पाहूं. दत्त आहे अवसर ज्यास, तो दत्तावसर. अवसर देणारा कोण? राजशेखराच्या मनांतील दत्तावसर हा राजाचा सेवक. त्याची सेवा कांहीं काळानें संपते, राजा त्याला निरोप देतो, आणि मग उरलेला वेळ त्याचा स्वतःचा होतो. तान्हें मूल आणि रुग्ण हे असा निरोप देत नाहींत. त्यांची सेवा संपत नाहीं. ती केवळ क्षणभर थांबते, आणि पुन्हां केव्हां हांक येईल याचा नेम नसतो. म्हणून मुलांचें किंवा दुखणाइताचें करणाऱ्या स्त्रीला राजशेखराच्या अर्थानें दत्तावसर म्हणतां येत नाहीं. उरलेला अवसर तिच्याजवळ नव्हताच. तिनें अवसर काढला तो कामाच्या पोटांत.

हें कसें झालें हें समजण्यासाठीं जात्याकडे नीट पाहिलें पाहिजे. खालची तळी स्थिर, वरची पाळी फिरती. पाळीच्या कडेला खुंटा आणि मध्यें तोंड. तोंडांत मूठभर धान्य वैरायचें, कांहीं फेरे ओढायचे, पुन्हां वैरायचें. हात पूर्ण गुंतलेले, परंतु एकदां संवय झाली म्हणजे त्यांच्याकडे लक्ष देण्याचें कारण उरत नाहीं. तोंड आणि मन मोकळीं राहतात. ओवीची रचना या गतीला अनुरूप आहे. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. त्या दोन ओळींत अर्थ पुरा होतो. मात्रांची काटेकोर मोजणी नसते. कमी पडलेली जागा संबोधनानें किंवा स्वर लांबवून भरली जाते. समोर दुसरी बाई दळावयास बसली असेल तर एकीनें उचललेली ओवी दुसरी पुरी करते. पहिली ओवी देवाला, दुसरी आणखी कोणाला, अशा अनुक्रमानें गाण्याची रीति आहे, आणि ती स्मरणाची सोय आहे. मध्येंच मूल रडलें आणि उठावें लागलें, तर कांहीं बिघडत नाहीं. झालेली ओवी पुरी झालेली असते, पुढची नंतर येते. ज्या रचनेंत कोठेंहि थांबतां येतें आणि थांबल्यानें कांहीं मोडत नाहीं, अशी रचना अडवल्या जाणाऱ्या वेळेंतच घडली असली पाहिजे. ओवीचें लहानपण हा तिचा उणेपणा नसून ती तिच्या कर्त्रीनें केलेली योजना आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

या मताची परीक्षा एका वेगळ्या बाजूनेंहि करतां येते. पालनाचीं सर्वच कामें सारख्या प्रकारचीं नसतात. दळणें, कांडणें, पाळणा हलविणें, या कामांत हात गुंततात आणि चित्त मोकळें राहतें. त्या प्रत्येकाचें गाणें मराठींत आहे: दळण-कांडणाची ओवी, पाळण्याचें गीत, अंगाई. याच्या उलट रुग्णाची शुश्रूषा, शेकडों पानांचा स्वयंपाक, बाळंतिणीची देखभाल, या कामांत हातांबरोबर चित्तहि गुंततें. तापानें फणफणलेल्या माणसाजवळ बसलेल्या बाईचे हात पुष्कळदां रिकामे असतात, परंतु तिचे कान त्याच्या श्वासाकडे लागलेले असतात. त्या कामाचा म्हणून स्वतंत्र गीतप्रकार आपल्याकडे रूढ झालेला दिसत नाहीं. कष्ट हेंच जर काव्याचें कारण असतें, तर सर्वांत दारुण कष्टाचें गाणें सर्वांत मोठें झालें असतें. तसें झालेलें नाहीं. काव्याचें कारण कष्टांत नसून कष्टांत राहिलेल्या मोकळ्या जागेंत आहे.

मग ज्या कामांत अशी जागा मुळींच नव्हती, त्या अनुभवाचें काय झालें? तो वाङ्मयांत आला, परंतु फार उशीरानें आणि वेगळ्या रूपानें. याचें ठळक उदाहरण शिऊरच्या संत बहिणाबाईचें. परंपरेनें तिचा काळ १६२८ ते १७०० असा मानतात. पांचव्या वर्षीं तीस वर्षांच्या बिजवराशीं तिचें लग्न झालें. कोल्हापुरांत कीर्तनाची गोडी लागली म्हणून पतीनें तिला मारहाण केली. तुकोबांवर तिची निष्ठा बसल्यावर, ती गरोदर असतांना, पति घर सोडून जावयास निघाला, आणि त्याच सुमारास दुखण्यानें पडला. तिनें त्याची शुश्रूषा केली, आणि त्या दुखण्यांतून उठलेला पति पालटला. हा सर्व वृत्तांत तिच्याच अभंगांत आहे. त्याचें इंग्रजी भाषांतर जस्टिन ॲबट यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलें. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हें आत्मनिवेदन आहे. जन्मापासूनच्या गोष्टी क्रमानें सांगणारें, गत आयुष्याचें कथन आहे. अंतकाळीं पुत्र विठोबास उद्देशून तिनें पूर्वजन्मांचेंहि कथन केलें. पतीच्या उशाशीं बसलेल्या रात्रींचें गाणें त्या रात्रीं झालें नाहीं. तें पुढें, मुलें मोठीं झाल्यावर, कथनरूपानें आलें.

हाच क्रम अर्वाचीन काळांतहि दिसतो. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्ति १९०१ सालीं निवर्तले होते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत भागशः निघालीं. रेव्हरंड टिळक १९१९ सालीं वारले होते. आपलीं मुलें, पदरीं घेतलेलीं अनाथ मुलें, येणारेजाणारे आणि एक अत्यंत उदार व तितकाच बेभरंवशाचा पति, इतक्यांचा संसार बाईंनीं केला, आणि त्यांतलें एकेक माणूस वयाच्या साठीनंतर कागदावर उभें केलें. त्या पुस्तकाची नर्मविनोदी शैली सर्वांनीं वाखाणली आहे. परंतु ती शैली मुळांत बोलण्याची आहे. गोष्टी लहान लहान, प्रत्येक स्वतंत्रपणें पुरी. ज्या बाईनें आयुष्यभर कामाच्या मध्यें मध्यें गोष्टी सांगितल्या, तिच्या गद्यालाहि ओवीसारखीच ठेवण आली, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. बाईंनीं ‘ख्रिस्तायन’ हें पतीनें अपुरें ठेवलेलें महाकाव्य साठांहून अधिक अध्याय स्वतः रचून पुरें केलें. मग दीर्घ रचना त्यांना साधत नव्हती असें कसें म्हणावें? आक्षेप योग्य आहे, आणि तो आमच्या विधानास बळकटीच आणतो. ही रचना पतीच्या निधनानंतरची, संसाराचा भार उतरल्यानंतरची आहे. शक्ति आधींहि होतीच. आधीं नव्हता तो सलग वेळ. काशीबाई कानिटकर यांनीं ‘रंगराव’ ही कादंबरी संसारांत राहून लिहिली, हेंहि खरें. परंतु तेथें पतीचें प्रोत्साहन आणि सुस्थित घर होतें. अपवाद पाहिले तरी नियमाचें स्वरूप तेंच दिसतें. पालनकर्त्रीची रचना एक तर कामाबरोबरच होते, आणि मग ती लहान असते. नाहीं तर काम संपल्यावर होते, आणि मग ती आठवण असते. मधला प्रकार, म्हणजे भर तारुण्यांत सलग वर्षें बसून रचलेलें नाटक किंवा महाकाव्य, आमच्या जुन्या स्त्रीवाङ्मयांत जवळ जवळ नाहीं. ही पोकळी हाच घरकामानें घेतलेल्या करभाराचा नेमका आंकडा होय. कींव करणारे लेखक या भाराविषयीं मोघम हळहळतात. तो कोठें आणि किती पडला हें सांगत नाहींत.

आतां असोदे गांवच्या बहिणाबाई चौधरींकडे वळूं. जन्म २४ ऑगस्ट १८८०, मृत्यु ३ डिसेंबर १९५१. लिहितां वाचतां येत नव्हतें. तेराव्या वर्षीं जळगांवच्या चौधरी कुटुंबांत लग्न झालें, आणि ऐन तिशींत वैधव्य आलें. पदरीं तीन मुलें. त्यांतील ओंकारास प्लेगच्या दुखण्यानें कायमचें अपंगत्व आलेलें. शेत, घर आणि मुलें सांभाळतां सांभाळतां त्यांनीं लेवा गणबोलींत गाणीं रचलीं आणि गाइलीं. पुत्र सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीं जमतील तीं लिहून ठेवलीं. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक १९५२ सालीं निघालें. कवयित्रीनें तें पाहिलें नाहीं.

या गाण्यांची परीक्षा कींव किंवा गौरव यांच्या मापानें करूं नये. मम्मटानें काव्याचीं जीं तीन कारणें सांगितलीं, शक्ति, निपुणता आणि अभ्यास, त्यांच्या कसोटीवर तीं घांसून पाहावींत. शक्तीविषयीं वाद नाहीं. निपुणता मम्मटाच्या मतें लोकव्यवहार, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनानें येते. यांतील शास्त्राचें दार बहिणाबाईंना बंद होतें. परंतु लोकव्यवहाराचें अवलोकन त्यांच्याइतकें सूक्ष्म असलेले लेखक मराठींत थोडे. चूल, जातें, मोट, नांगर, सुगरणीचा खोपा, या वस्तु त्यांच्या काव्यांत उपमेसाठीं दुरून आणलेल्या नाहींत. त्या हाताळलेल्या आहेत, आणि त्यांच्यावरून मन, संसार, जन्म-मरण यांचा विचार सरळ चालत येतो. राहिला अभ्यास. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हां प्रवृत्ति. रोज पहाटे वर्षानुवर्षें रचना करणाऱ्या स्त्रीचा अभ्यास दिवसाचा दुसरा प्रहर रचनेला देणाऱ्या कवीहून कमी होता असें कोणी म्हणूं नये. ‘सहज स्फुरलें’ हा शब्द अशा काव्याला लावणें म्हणजे तिचा अभ्यास नाकारणें होय. राजशेखराच्या कवीनें चौथ्या प्रहरांत केलेली पारख आम्हांला श्रम वाटते, आणि बाईनें त्याच ओळी दळतांना दहा वेळां फिरवून सुधारल्या तर आम्ही तिला स्वाभाविक उमाळा म्हणतों. हा भेद काव्याचा नव्हे, बघणाराचा आहे.

गौरव करणाऱ्यांस दुसरें एक उत्तर ओव्या स्वतःच देतात. सासुरवास, अंगाचा शीण, माहेरची ओढ, हे ओवीचे नित्याचे विषय आहेत. गाणारीनें जात्याचा गौरव केला असेल तर त्याच श्वासांत आपल्या दमल्या हातांची तक्रारहि केली आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळावयास बसला ही कथा महाराष्ट्रानें सातशें वर्षें जिवापाड जपली. तिच्यांत भक्तीचें माहात्म्य आहेच. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां तिचा दुसरा अर्थ असा कीं, हें काम एकटीच्या हातांचें नाहीं आणि मदतीला माणूस येत नाहीं, हें त्या समाजाला ठाऊक होतें. ज्या काव्याच्या नायिकेला देवाची मदत मागावी लागते, त्या काव्यावरून कष्टांची थोरवी सिद्ध करणें हा उलटा न्याय होय. गिरणी गांवोगांव आल्यावर बायकांनीं जातें बाजूस ठेवलें, आणि तें योग्यच केलें. ओवी गेली म्हणून हळहळणाऱ्यांनीं स्वतः पायली दोन पायली जोंधळे दळून पाहावेत.

इतक्या विवेचनानंतर संपादनपद्धतीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण इतिहाससंशोधकांचा संबंध मुख्यतः तेथें येतो. ओव्यांचे जुने संग्रह पाहिले तर त्यांत ओव्या विषयवार लावलेल्या आढळतात: माय, भाऊ, बाळ, देव. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रह अत्यंत प्रेमानें केलेला आहे आणि त्याचें ऋण मोठें आहे. परंतु मांडणी त्याच धर्तीची. कोणती ओवी कोणत्या बाईची, कोणत्या गांवची, हें वाचकाला कळत नाहीं. एखाद्या ताम्रपटाचें प्राप्तिस्थान न देतां केवळ त्यांतील मजकूर छापला, तर आम्ही संशोधक त्याला संपादन म्हणत नाहीं. ओवीला मात्र आम्ही ‘लोकांची’ म्हणून मोकळी सोडतों. लोक रचना करीत नाहींत. कोणी तरी एक बाई करते, दुसरी ती बदलते, तिसरी ती सासरीं नेते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत महाराष्ट्राच्या शेंकडों गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणारीचें नांव व गांव यांची नोंद ठेवली; बर्नार्ड बेल यांनीं ध्वनिमुद्रणास साह्य केलें. हा संग्रह आज सर्वांस पाहावयास खुला आहे. पद्धतीच्या दृष्टीनें हें काम जुन्या संग्रहांच्या पुष्कळ पुढें आहे, आणि पुढील संपादकांनीं तेंच प्रमाण मानावें.

त्यांत आणखी तीन नोंदींची भर घालावी, अशी सूचना आहे. पहिली, ओवी कोणतें काम करतांना गाइली जाई. कारण वर दाखविल्याप्रमाणें कामाची गति आणि रचनेचा आकार यांचा संबंध आहे. दुसरी, त्या वेळीं गाणारीच्या घरीं कोणाचें करावें लागे: तान्हीं मुलें किती, अंथरुणावर कोणी होतें काय, मदतीला कोण होतें. ही चौकशी अनाठायीं वाटेल. परंतु राजशेखरासारखा शास्त्रकार कवीच्या उपवनांतील मोरांची नोंद करतो, तर आम्ही कवयित्रीच्या घरांतील पाळण्याची करावयास हरकत नसावी. तिसरी, रचना कागदावर कोणी उतरविली आणि उतरवितांना काय बदललें. अवंतिसुंदरीचें मत पतीच्या ग्रंथांतून, बहिणाबाईंचें गाणें मुलाच्या वहींतून आपल्यापर्यंत आलें. लिहून घेणाराचे उपकार मोठे आहेत. म्हणूनच त्याचा हात कोठें लागला हें माहीत असणें अवश्य आहे. ज्यांच्या घरीं लिहून घेणारें कोणी नव्हतें, त्यांच्या रचनेचा हिशेब कोणत्याच दप्तरांत सांपडणार नाहीं.

हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. हातजात्यावर रोज दळलेल्या बहुतेक स्त्रिया आज वार्धक्याच्या शेवटच्या टप्प्यांत आहेत, आणि आतां त्यांचेंच करणारें कोणी तरी घरांत आहे. दप्तरें वाळवीपासून वांचविण्यासाठीं आपण पुष्कळ धडपड केली. तेवढ्याच तत्परतेनें या वृद्धांकडे गेलें पाहिजे. ज्या सभासदांच्या घरीं आई, आजी, आत्या किंवा मावशी अशा वयाची असेल, त्यांनीं प्रथम तिच्याजवळ बसावें, तिच्या ओव्या तिच्याच उच्चारांत लिहून घ्याव्यात, आणि प्रत्येक ओवीखालीं कर्त्रीचें पूर्ण नांव, माहेर आणि सासर घालावें.